गाडी कुणाच्या हाती द्यायची? नागपुरात सर्व्हिसिंग आणि पार्ट बदलण्याची जागा निवडताना

मागच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकून ऑफिसात पोचलो, आणि साडेअकराला फोन आला. "सर, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, लोअर आर्मही बदलावे लागतील. एस्टिमेट सव्वीस हजारांचं होतंय. अप्रूव्हल देता का?" माझी तक्रार एवढीच होती की मानेवाड्याकडे गतिरोधकावरून गाडी उतरली की पुढून टक्-टक् आवाज येतो. मी म्हटलं, सध्या ऑइल आणि फिल्टर तेवढे बदला, बाकीचं बघतो.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं जॅकसुद्धा लावला नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला लावलं, पोऱ्याला बोनेटचा कोपरा दाबत राहायला सांगितलं आणि चाकाच्या मागे हात घातला. मग माझा हात धरून तिथे नेला. "इथं दोन बोटं ठेवा भाऊ. शॉकअप तं बरोबर हाय. लिंक रॉड वाजून राहिली." गाडी दबली की बोटाखाली बारीकसा ठोका लागत होता, नाडी लागावी तसा. लिंक रॉड म्हणजे सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा. दोन्ही बाजूंच्या बदलल्या, मजुरीसकट दोन हजारांच्या आत काम झालं आणि आवाज गेला.

ही गोष्ट इथेच थांबवली तर "कंपनीवाले लुटतात, आपला मिस्त्रीच बरा" असा सोपा निष्कर्ष निघेल. पण याच मिस्त्रीकडच्या पोऱ्यानं दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीत कूलंट कमी दिसलं म्हणून बोअरिंगचं पाणी ओतलं होतं. पुढच्या मे महिन्यात बुटीबोरीजवळ तापमानाचा काटा वर चढलेला बघत, एसी बंद करून, काचा खाली करून मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. त्यामुळे "माझ्या गाडीसाठी कोणतं गॅरेज चांगलं?" हा प्रश्न मी आता विचारत नाही. हे काम कुणाकडे न्यायचं, एवढंच विचारतो. एकाच गाडीची पाच कामं पाच ठिकाणी जाऊ शकतात. त्याची निवड कशी करायची, ते खाली लिहितो.

सुरुवात कप्प्यातल्या पुस्तकापासून

गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल बहुतेकांनी प्लॅस्टिकमधून बाहेरही काढलेलं नसतं. ते काढा, शेवटची पानं उघडा. तिथे देखभालीचा तक्ता असतो: कोणती वस्तू किती किलोमीटरवर किंवा किती महिन्यांनी तपासायची आणि कधी बदलायची. बहुतेक पेट्रोल गाड्यांना ऑइल १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल तेव्हा. "जे आधी होईल" हे शब्द नागपूरकरांनी नीट वाचावेत. आपल्यापैकी कित्येकांची गाडी प्रतापनगर ते सिव्हिल लाइन्स एवढीच फिरते आणि वर्षाला ५,००० सुद्धा होत नाहीत. तरी ऑइल वर्षाला बदलायचंच. छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन नीट तापत नाही आणि ओल ऑइलमध्ये राहते.

त्याच तक्त्याच्या आसपास एक दुसरा, कडक तक्ता असतो. धूळ, कमी अंतराच्या फेऱ्या, सतत ट्रॅफिक अशा परिस्थितीसाठी. शहरात सिमेंट रोडची आणि पुलांची कामं ज्या वेगानं चालतात ते पाहता एअर फिल्टरपुरता तरी मी तो दुसरा तक्ता पाळतो. फिल्टर काढून बघायला दोन मिनिटं लागतात, क्लिपा असतात, मिस्त्रीची गरजही नाही.

या पुस्तकातून तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या: ऑइलचा ग्रेड आणि लिटर, कूलंटचा प्रकार, ब्रेक ऑइलचा प्रकार, म्हणजे डॉट ३ की डॉट ४. ऑइलचा ग्रेड महत्त्वाचा. आजकालच्या अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं अगदी पातळ ऑइल लागतं. गल्लीतल्या गॅरेजमध्ये मात्र "नागपूरच्या गर्मीत जाडच पाहिजे" म्हणून सर्रास २०डब्ल्यू-५० ओततात. जुन्या गाड्यांच्या काळात ते चालून जायचं. नव्या इंजिनातले ऑइलचे मार्ग बारीक असतात आणि पंपाचा हिशेब पातळ ऑइलवर केलेला असतो. ग्रेड पुस्तकातलाच.

वॉरंटी आहे की संपली?

हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वॉरंटी चालू असेल तर नियमित सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करा, वाद घालायचं कारण नाही. सुरुवातीच्या तथाकथित फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी तेवढी फुकट असते, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. मारुतीनं जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर अशी वॉरंटी केली आहे. तुमची किती आहे ते विक्रीच्या कागदात बघा. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर ती सहसा मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्यावी लागते, आणि तिच्या काळात वेळापत्रक चुकवलं की दावा अडतो.

इथे एक माहिती अनेकांना नसते. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा मुख्य ठपका. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. म्हणून माझा सल्ला व्यवहारी आहे: बाहेरून सीट कव्हर घातलं, टायर बदलले म्हणून सगळी वॉरंटी गेली असं कुणी काउंटरवर म्हणालं तर लेखी द्या म्हणा. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगला वॉरंटीत बाहेरचा हात लावू नका. वायर कापून लावलेला हॉर्न किंवा फॉग लाइट हे दावा नाकारण्याचं सगळ्यात सोपं निमित्त असतं.

आणि रिकॉल. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की तुमच्या गाडीतला एखादा भाग परत मागवला आहे का ते कळतं. ते काम वॉरंटी संपली असली तरी अधिकृत ठिकाणी फुकट होतं. सेकंडहॅंड गाडी घेतली असेल तर हे आज रात्रीच बघून घ्या.

कामाची वाटणी

वॉरंटी संपली की मोकळीक मिळते. गोंधळही तिथूनच सुरू होतो. माझी वाटणी अशी आहे.

एअरबॅग, एबीएस, किल्लीचं कोडिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हायब्रिडची बॅटरी, सॉफ्टवेअर अपडेट: कंपनी. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. बाहेर हुशार माणसं आहेत, पण कंपनीचं स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र, आणि त्यामागची माहिती सगळ्यांकडे नसते.

ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट, क्लच, इंजिन माउंटिंग ही झिजणाऱ्या वस्तूंची कामं चांगला स्वतंत्र मिस्त्री कंपनीइतकीच चांगली करतो, आणि बरेचदा निदान जास्त चांगलं करतो. कारण सर्व्हिस सेंटरमध्ये "भाग बदला" ही पद्धत आहे. तिथे लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, अख्खा बदलतात, मिस्त्री त्यातलं रबरी बुश प्रेसवर काढून नवं बसवतो. अर्थात ज्या गाडीत बॉल जॉइंट आर्मलाच पक्का असतो तिथे अख्खा आर्मच घ्यावा. ठोकून-ठाकून बसवलेला बॉल जॉइंट हा नसता जुगार आहे.

एसी, रेडिएटर, डिझेलचा पंप आणि इंजेक्टर, डेंटिंग-पेंटिंग, अलाइनमेंट: त्या-त्या कामाचा माणूस. सर्वसाधारण गॅरेजवालाही शेवटी गाडी त्याच्याकडेच पाठवतो आणि मध्ये आपला भाग ठेवतो.

अपघाताचं काम विम्यात करायचं असेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू देऊ नका. कॅशलेस सहसा विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये मिळतं. तुमच्या पसंतीच्या ठिकाणी केलंत तर आधी पैसे भरायचे, मग परतावा. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. बंपर प्लॅस्टिकचा असतो हे लक्षात घेतलं की घसारा न कापणाऱ्या झिरो डेप्रिसिएशन कव्हरचं महत्त्व कळतं.

नागपुरात काय कुठे

कामठी रोड, वर्धा रोड आणि अमरावती रोड या तीन बाजूंना कंपन्यांच्या शोरूमची आणि त्यांच्या वर्कशॉपची गर्दी आहे. एका कंपनीचे शहरात दोन-तीन डीलर असतात आणि त्यांच्या वर्कशॉपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. गाडी ज्या डीलरकडून घेतली त्याच्याकडेच सर्व्हिसिंग करावं लागतं असा समज आहे, तो चुकीचा. कुठल्याही अधिकृत ठिकाणी नेता येते, नोंद सगळीकडे एकच दिसते.

सुटे भाग घ्यायचे तर घाट रोडकडची दुकानं जुनी आणि जाणती. तिथे गाडीचं नाव सांगून भागत नाही. आरसी बुकचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दुकानदार चासी नंबरवरून पार्ट नंबर काढतो. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी ब्रेकची रचना बदललेली असते आणि चुकीचं पॅड आणलं की मिस्त्रीकडे गाडी जॅकवर, तुम्ही पुन्हा स्कूटरवर. व्यवहार बहुतेक नागपुरी हिंदीत होतो. "भैया, कंपनी का दिखाओ, फिर बाहर का भी दिखाओ" असं दोन्ही मागा. दोन डबे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

चारचाकीच्या मोठ्या साखळी गॅरेजांचाही पर्याय आता आहे. ॲपवरून बुकिंग, घरून गाडी नेणं, सगळं सोयीचं. तिथे बुकिंग करताना एक प्रश्न विचारा: गाडी प्रत्यक्षात कोणत्या वर्कशॉपमध्ये जाणार? कधीकधी ॲप नावाला असतं आणि काम जिथे होतं ते गॅरेज तुम्ही एरवी निवडलं नसतं.

गॅरेजची परीक्षा छोट्या कामावर

नव्या ठिकाणी थेट क्लचचं काम देऊ नका. ऑइल बदलायला जा आणि उभं राहून बघा. गाडी फक्त जॅकवर उभी करून माणूस खाली शिरतो की स्टँड किंवा घोडी लावतो? ऑइलचं झाकण काढल्यावर ते कुठे ठेवतो, फडक्यावर की मातीत? ड्रेन बोल्टचं वॉशर बदलतो का? चाकाचे नट शेवटी हातपान्यानं आवळतो की एअर गननं कडकडवून मोकळा होतो? यावरून माणूस कळतो. दुकानाबाहेरचा बोर्ड आणि आतल्या एसी वेटिंग रूमवरून काहीच कळत नाही.

मग दोन-तीन प्रश्न सहज विचारायचे. "या गाडीला ऑइल कोणतं?" यावर जो पुस्तक मागतो किंवा मोबाइलमध्ये बघतो, त्याला चांगले मार्क. जो डोळे मिटून "अपना वाला डाल देता हूँ" म्हणतो, त्याला नाही. "जुने पार्ट परत देणार ना?" यावर चेहरा बघा. "काम बरोबर झालं नाही तर?" चांगला मिस्त्री यावर मोठं आश्वासन देत नाही, "गाडी घेऊन या, बघू" एवढंच म्हणतो, आणि खरंच बघतो.

स्कॅनर आहे का तेही विचारा, पण त्यानं भुलून जाऊ नका. स्कॅनर फॉल्ट कोड सांगतो, कारण सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलायचा आणि खरी गळती सायलेन्सरच्या जोडात, असं पुष्कळदा होतं. कोड वाचल्यावर वायर, कनेक्टर, व्हॅक्यूमचा पाइप तपासणारा माणूस हवा.

पार्ट: डबा हातात घेऊन बघा

बाजारात ढोबळमानानं चार प्रकार मिळतात. एक, कंपनीच्या डब्यातला. दोन, जो कारखाना कंपनीला पुरवतो त्याच कारखान्याचा स्वतःच्या डब्यातला: बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल, सुब्रोस, ल्यूक अशी नावं. तीन, इतर नावाजलेल्या पण मूळ पुरवठादार नसलेल्या कंपन्यांचा. चार, डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याच्या डब्यात भरलेला कुणाचा तरी माल. माझा पैसा बहुतेक दुसऱ्या प्रकारावर जातो. गुणवत्ता तीच किंवा जवळपास तीच, भाव कमी. क्लच, शॉकअप, फिल्टर, प्लग यांत हे छान जमतं. सेन्सर आणि बॉडीचे पॅनल मात्र मी कंपनीचेच घेतो. बाहेरचं बोनेट घेतलं की फटी जुळत नाहीत आणि पेंटर महिनाभर नाव ठेवत राहतो.

डुप्लिकेट ओळखायचा कसा? ऑइल फिल्टरचं उदाहरण घ्या. डब्यावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता असायलाच हवा, तो कायदा आहे. होलोग्राम किंवा खरडून बघायचा कोड असेल तर दुकानातच मोबाइलवर तपासा. मग फिल्टर बाहेर काढा. रबरी रिंगवरून बोट फिरवा: खऱ्याची रिंग खाचेत सारखी बसलेली आणि हलकी तेलकट असते, नकलीची कुठेतरी उचललेली. आत डोकावून बघा, कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत का. पत्र्यावरचं छापील अक्षर नखानं खरवडून निघतंय का. हातात वजनही कळतं. हे सगळं करताना दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. छापील किमतीवर पुन्हा जीएसटी लावलेलं बिल मान्य करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला, त्याआधी बहुतेक भागांवर २८ होता. जुना छापील भाव असलेला डबा समोर आला तर नवा भाव विचारा. मजुरीवर १८ टक्के वेगळा लागतो, पण ज्या छोट्या गॅरेजची जीएसटी नोंदणीच नाही त्याला जीएसटी आकारता येत नाही. नोंदणी नसली तरी साधं बिल देता येतंच. "बिल पाहिजे असेल तर १८ टक्के जास्त लागतील" हे वाक्य ऐकलं की बिलावरचा जीएसटी नंबर बघा. महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो.

काही वस्तूंची स्वतःची भाषा असते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडलेला टायर "एकदम नया माल" म्हणून विकला जातो, हे आकडे वाचून घ्या. टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, ते रबराच्या पातळीला आले की झीज १.६ मिलिमीटरवर पोचली. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून तासाला १२० नं शिर्डी गाठणाऱ्यांनी तर त्या आधीच बदलावेत, आणि हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरावी. पुढची काच बदलताना आयएसआयची खूण बघा. ब्रेक पॅड नेहमी डाव्या-उजव्या जोडीनं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेलेली डिस्क टर्निंग करून, म्हणजे घासून सपाट करून, पुन्हा बसवू देऊ नका. क्लच बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदमच, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा भरण्यात अर्थ नाही.

एस्टिमेट आणि जॉब कार्ड

सर्व्हिस सेंटरमधला ॲडव्हायजर हा गोड बोलणारा माणूस असतो आणि त्याला महिन्याचं टार्गेट असतं. त्याच्यावर चिडू नका, त्याच्यासमोर पेन काढा. इंजिन फ्लशिंग, डिकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, रबिंग-पॉलिश ही नावं एस्टिमेटमध्ये आधीच टाईप केलेली येतात. प्रत्येकासाठी एकच प्रश्न: "हे पुस्तकातल्या तक्त्यात कुठे आहे?" नसेल तर आडवी रेघ. गाडी अडखळत असेल तर थ्रॉटल साफ करण्याला अर्थ आहे, नुसतं १०,००० झाले म्हणून नाही.

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना कामांची नोंद होते त्या कागदावर, तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "सस्पेन्शन चेक" असं नको. "गतिरोधकावरून उतरताना पुढे डावीकडून टक्-टक् आवाज, थंड गाडीत जास्त" असं. सोबत एक ओळ: सांगितलेल्याशिवाय कोणतंही जादा काम फोनवर विचारल्याखेरीज करू नये, जुने पार्ट परत द्यावेत. मग किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, चारही बाजूंचे ओरखडे यांचे फोटो. फास्टॅगला कुणी काही करत नाही, पण डिकीतल्या छत्र्या मात्र आजवर मी तीन गमावल्या आहेत.

मोठं एस्टिमेट आलं की फोनवर हो म्हणू नका. फोटो किंवा व्हिडिओ मागा, पार्टची नावं आणि नंबर मागा, एक रात्र जाऊ द्या. ब्रेक निकामी असल्याखेरीज एका रात्रीत काही बिघडत नाही. दुसरं मत घ्यायला गेलात तर पहिल्याचं निदान सांगू नका, फक्त लक्षण सांगा. माझ्या मिस्त्रीला मी "शॉकअप गेलेत म्हणे" असं आधीच सांगितलं असतं, तर त्यानंही कदाचित शॉकअपच उघडले असते.

एसी, कूलंट, बॅटरी

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सहज जातो, त्यामुळे ही तीन कामं मार्चमध्ये उरकायची. एप्रिलच्या शेवटी एसीवाल्याकडे गेलात तर तोही वैतागलेला असतो.

एसीबाबत एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गॅस वापरून संपत नाही. तो बंद चक्रात फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो. दर उन्हाळ्यात "गॅस मारून देतो" म्हणणारा माणूस दर उन्हाळ्यात तुमच्याकडून पैसे घेणार. चांगला एसीवाला आधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधतो, मग व्हॅक्यूम करतो, मग बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस मशीनवर मोजून भरतो. हातानं सिलिंडर उलटा करून, गेज बघत "बस, हो गया" म्हणणारा नको. जास्त गॅसनंही एसी कमी थंड होतो. आणि या सगळ्याआधी केबिन फिल्टर आणि पुढच्या कंडेन्सरवरची धूळ बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

कूलंट कंपनीनं सांगितलेल्या प्रकारचंच. रंगावरून जुळवू नका, दोन हिरवी कूलंट वेगळ्या रसायनाची असू शकतात. बाटली तयार मिश्रणाची आहे की पाणी घालायची, ते वाचा, आणि पाणी घालायचं तर डिस्टिल्ड. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, बाकी कथा बुटीबोरीला झालीच.

बॅटरी उन्हाळ्यात आतून खंगते आणि प्राण सोडते डिसेंबरच्या सकाळी. विकत घेताना वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि बॅटरीचा अनुक्रमांक जागेवर टाकून घ्या. वॉरंटीचे जेवढे महिने जाहिरातीत दिसतात त्यातला पहिला टप्पाच मोफत बदलीचा असतो, पुढे सूट मिळते. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार चालू-बंद होणं सोसणारी बॅटरीच लागते, साधी स्वस्त पडली तरी टिकणार नाही. जुनी बॅटरी दुकानात द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.

पावसाळ्याचं एकच सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या, तेव्हा पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवणाऱ्यांनी स्वतःचं जास्त नुकसान करून घेतलं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, रॉड वाकतो. बुडालेली गाडी चालू करायची नाही, बॅटरी सोडवायची, विमा कंपनीला कळवायचं, टो करून न्यायची. किल्ली फिरवून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं.

गाडी परत घेताना

संध्याकाळी सातला, काउंटर बंद व्हायच्या वेळी जाऊ नका. उजेडात जा. गाडी सपाट जागेवर असताना डिपस्टिक काढून ऑइल बघा: दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेपलीकडे भरलेलंही वाईट. बिलातले लिटर आणि वहीतले लिटर जुळतात का? बाहेरच्या गॅरेजमध्ये सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि उरलेलं ऑइल घरी आणा. जुने पार्ट मोजून घ्या. नवा पार्ट चकचकीत दिसायला हवा, हे सांगायला नको. तरी वाकून बघा.

मग ॲडव्हायजरला शेजारी बसवून एक चक्कर. ज्या रस्त्यावर आवाज येत होता तसाच रस्ता निवडा. चाकं काढली गेली असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. आणि घरी आल्यावर वहीत एक ओळ: तारीख, किलोमीटर, काम, पार्ट नंबर, पैसे, मिस्त्रीचं नाव. गाडी विकताना कंपनीबाहेरच्या कामाचा इतिहास म्हणून हीच वही आणि बिलांचा गठ्ठा दाखवता येतो.

बिनसलंच तर

आधी त्याच गॅरेजला तोंडी, मग लेखी. व्हॉट्सॲपवर तारखेसह फोटो टाकला तरी लेखीच. अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर डीलरच्या वर्क्स मॅनेजरनंतर थेट कार कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल. डीलर आपल्या फोनला घाबरत नाही, कंपनीकडून आलेल्या तक्रार क्रमांकाला घाबरतो. त्यानंही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. अनेक प्रकरणं इथेच मिटतात.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा, नागपुरात तो आहेच. तुम्ही कामासाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंतचा असेल तर तिथे दाद मागता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. तिथे बाजू ठरते ती जॉब कार्ड, बिल, फोटो आणि काढलेल्या जुन्या भागावर. म्हणून वाद आहे असं वाटलं की तो भाग भंगारवाल्याला देऊ नका. दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी उघडायची वेळ आली तर आधी पहिल्याला लेखी कळवा, उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून त्याला काय दिसलं ते लेटरहेडवर, नसेल तर साध्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.